कागद बघायचाय, भाऊसाहेब

घोडेगावच्या तहसील कचेरीपुढं बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझ्या आधी वडील लिहीत. ते मांडीवर फळी घेऊन, शेजारी शाईची दौत ठेवून बसत. माझ्याकडं टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत आणि पाठीमागं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. आहुप्याच्या नाहीतर भीमाशंकरच्या बाजूनं सकाळच्या एसटीनं माणूस उतरतो. धोतराच्या सोग्यातून किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला कागद काढतो. आत जायची हिंमत होईपर्यंत माझ्याजवळ टेकतो. आत जाऊन त्याला एवढंच म्हणायचं असतं, "कागद बघायचाय, भाऊसाहेब."

या एका वाक्याला आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या खोऱ्यांत दोनशे वर्षांचा इतिहास आहे. माहितीचा अधिकार २००५ साली आला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधी कागद बघायला मागणाऱ्याचं काय होत असे, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून लिहितो.

पेशवाईत आणि इंग्रजी अमलातही बराच काळ गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कुणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, सगळं मोडीत लिहून रुमालात बांधलेलं. कुलकर्णीपण वतनाचं, म्हणजे बापाकडून मुलाकडं जाणारं. त्यामुळं दप्तर गावाचं असलं तरी ते राही एका घराच्या माडीवर. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्यात लिहिता-वाचता येणारा माणूस विरळा. आपल्या नावापुढं काय लिहिलंय हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडूनच कळायचं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लिहिणाऱ्या हातांनी न वाचणाऱ्या शेतकऱ्याचं काय केलं, याची त्यातली तक्रार आमच्या भागाला तंतोतंत लागू पडते.

त्यात सावकाराचा रोखा. अंगठा उठवला की कागद सावकाराच्या पेटीत. कुळाजवळ प्रत नाही, फेडलेल्या पैशाची पावती नाही, हिशेब बघायची सोय नाही. कोर्टात मात्र खरा धरला जाई तो पेटीतलाच कागद. १८७३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले टोळी बांधून सावकारांवर तुटून पडला, त्यामागं हे होतं. तो भणंग नव्हता, खाऊनपिऊन सुखी आणि वजनदार माणूस होता, असं खुद्द सरकारी गॅझेटिअर सांगतं. पुणे, नाशिक, नगर जिल्ह्यांत आणि घाटाखाली त्याच्या माणसांनी सावकारांची नाकं कापली, आणि पुष्कळ सावकार गावं सोडून शहराकडं पळाले. होन्याच्या पाठलागावर १७५ हत्यारी पोलीस लावले होते, त्याच्यावर हजार रुपयांचं बक्षीस होतं. १८७६ मध्ये पोलीस अधीक्षक मेजर डॅनियल यांनी त्याला पकडलं. त्याआधी अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे याच डोंगरांतून लढला आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला.

नाकं कापण्याचं समर्थन मी करणार नाही. पण जो कागद दिसत नाही, वाचता येत नाही आणि ज्याच्याविरुद्ध दाद मागता येत नाही, त्याच्यापुढं माणूस किती अगतिक होतो हे मी रोज बघतो. होन्याच्या धामधुमीतच, १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात दंगल उसळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ती पसरली. लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या रोख्यांवर होता. रोखे काढून द्या म्हणत आणि होळी करत. सरकारनं नेमलेल्या आयोगानंही हे नमूद केलं आहे.

त्या आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. हा कायदा शाळेत दोन ओळींत संपतो. माझ्या धंद्यातल्या माणसानं मात्र तो नीट समजून घ्यायला हवा. रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहायचा, असं त्यात ठरलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसे भरल्याची लेखी पावती मागण्याचा, सावकाराकडून वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. आमच्या खोऱ्यातल्या माणसाला "माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला लिहून दे" असं कायद्यानं म्हणता आलं, त्याची सुरुवात मी इथून धरतो. तो हक्क सावकारापुढं होता, सरकारपुढं नव्हता. आणि तो वापरायला अक्षरओळख लागत होती, म्हणून पुष्कळांच्या बाबतीत तो कागदावरच राहिला.

सरकारपुढचा हक्क म्हटलं तर त्याच्याही आधीचा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ७६ होतं. सार्वजनिक दस्तऐवज ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्यानं, तो दस्तऐवज पाहण्याचा ज्याला हक्क आहे अशा माणसाला, फी घेऊन खरी नक्कल द्यावी. आज हेच कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात ७५ व्या क्रमांकावर आहे. वडील याच कलमावर जगले, आणि त्यातली मेख त्यांनीच मला दाखवली. हक्क आहे अशा माणसाला द्यायची. पण हक्क आहे की नाही हे ठरवायचं कुणी? टेबलामागच्या माणसानं. म्हणून वडिलांच्या प्रत्येक नक्कल अर्जात निम्मा मजकूर अर्जदार कोण, मूळ खातेदाराचा कोण, त्याला नक्कल कशाला हवी, यातच जाई. सातबारा मागताना हे चालून जायचं. दुसऱ्याच्या नावचा फेरफार, तहसीलदाराच्या चौकशीचे कागद किंवा पोलीस ठाण्यातली नोंद मागितली की उत्तर ठरलेलं असे, "तुझा काय संबंध?" आणि या सगळ्यावर १९२३ च्या शासकीय गुपितं कायद्याची छाया होती. कचेरीतला कागद सरकारचा, लोकांचा नाही, हे त्या काळात कारकुनापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या अंगात मुरलं. ते पुढं स्वातंत्र्यातही टिकलं.

मधल्या काळात दप्तरानं घर बदललं. १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदीची पद्धत आली. बदल झाला की फेरफाराची नोंद, चावडीवर नोटीस, हरकत घ्यायला मुदत. आजचा गाव नमुना सहा, सात आणि बारा यांचा वंश तिथला. १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतन गेलं आणि तलाठी आला. दप्तर माडीवरून उतरून सज्जात आलं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तर स्पष्ट लिहिलं आहे की नकाशे आणि भूमी अभिलेख कचेरीच्या वेळेत जनतेला पाहण्यासाठी खुले राहतील. संहितेचं हे कलम, ३२७ वं, वडिलांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. ते दाखवल्यावर काही कारकून रुमाल सोडत, काही वहीच बाजूला सारत.

आता एक कागद जवळून दाखवतो, म्हणजे आमच्याकडं जुन्या नोंदींसाठी एवढी तगमग का असते ते कळेल. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची वही, गाव नमुना चौदा. गावकामगारानं लिहायची आणि कचेरीत जमा करायची. लांबट, आडवे रकाने, कडा तपकिरी झालेल्या. पान उलटताना बोटाला भुकटी लागते. तारीख, बाळाचं लिंग, बापाचं नाव, जात, मृत्यू असेल तर कारण. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत. जातीच्या रकान्यात लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणं कुठं 'कोळी महादेव', कुठं नुसतं 'कोळी', कुठं वरच्या ओळीखाली दोन टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. मृत्यूच्या रकान्यात ताप, पटकी, बाळंतरोग. या वहीतल्या एका शब्दावर आज एखाद्या पोराचं कॉलेज अवलंबून असतं.

कारण असं. अनुसूचित जमातींची यादी १९५० च्या सप्टेंबरात राष्ट्रपतींच्या आदेशानं निघाली. जातीचा दावा पडताळताना १९५० च्या आधीची नोंद सगळ्यात वजनदार मानतात. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कुमारी माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. तो खटलाही महादेव कोळी दाव्याचाच होता. समितीला दक्षता पथक असतं, त्यात पोलीस अधिकारी असतात, ते गावी येऊन शाळेचं रजिस्टर आणि घरचे कागद बघतात. खोट्या दाव्यांनी आमच्या लोकांच्या जागा गेल्या होत्या, त्यामुळं ही पद्धत हवीच होती. पण त्रास खऱ्यालाही झाला. ज्याचा आजा कधी शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर जमीन लागली नाही, त्यानं १९५० पूर्वीचा कागद आणायचा कुठून? शाळा नाही, खरेदीखत नाही, मग उरतं कोतवाल बुक.

ते शोधायला भूगोल माहीत असावा लागतो. इंग्रजी अमलात आंबेगाव हा स्वतंत्र तालुका नव्हता. खेड तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटभाग होता आणि महालकरी घोडेगावात बसे. म्हणून आमचे काही जुने कागद राजगुरुनगरला, म्हणजे खेडला निघतात. जुन्नर तालुका जुन्या दप्तरात शिवनेर नावानं येतो. हे न कळल्यामुळं 'अभिलेख आढळून येत नाही' असा शिक्का घेऊन परत गेलेली माणसं मला माहीत आहेत. जुन्नरमध्ये शोधायला सांगितलं आणि शिवनेरच्या रुमालात सापडलं, असंही झालं आहे.

त्यात दोन आघात आमच्या तालुक्यानं सोसले. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. घरं हलवताना गाठोड्यात काय आलं, काय राहिलं, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पुनर्वसनाची जमीन मागताना मात्र प्रत्येक कागद विचारला गेला. दुसरा आघात ३० जुलै २०१४ चा. माळीण. गावावर डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. वाचलेल्यांच्या घरातला रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंतचा कागद चिखलात गेला. त्या दिवसांत घोडेगावच्या दप्तरात असलेली नोंद हीच काय ती त्यांची नोंद होती. सरकारी दप्तर लोकांच्या मालकीचं का असावं, हे मला त्या पावसाळ्यात जितकं उमगलं तितकं कुठल्या व्याख्यानानं उमगलं नसतं.

आता हक्काच्या मोठ्या लढाईकडं येतो. तिचं श्रेय पहिल्यांदा राजस्थानला. मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन दुष्काळी कामांचे हजेरीपट चारचौघांत वाचले, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. मजुराला आपल्या नावापुढं किती दिवस आणि किती मजुरी लिहिली आहे हे पाहायचं होतं. मागणी आमच्या जांभोरीच्या माणसाचीच. गोव्यानं १९९७ मध्ये कायदा केला. महाराष्ट्रानं २००० मध्ये केला तो इतका पोकळ होता की त्यातून नकाराचेच मार्ग निघत. मग आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातून, राळेगणसिद्धीहून अण्णा हजाऱ्यांनी नेट लावला. नवा कायदा विधिमंडळात होऊनही राष्ट्रपतींच्या सहीसाठी अडकला होता. ९ ऑगस्ट २००३ ला अण्णा आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि लगेच सही आली. २३ सप्टेंबर २००२ पासून तो लागू धरला गेला. दिल्लीतल्या कायद्याला या कायद्याचा आधार झाला. दिल्लीचा तो कायदा १५ जून २००५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळून १२ ऑक्टोबर २००५ पासून, जम्मू-काश्मीर वगळता, देशभर अमलात आला.

आणि त्या दिवशी देशातला पहिला अर्ज आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. अर्जदार होते शाहिद रझा बर्नी. तहसील नाही, महापालिका नाही, थेट पोलीस ठाणं. ज्या दारात माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तिथंच पहिला अर्ज पडला, याचा मला अभिमान वाटतो.

या कायद्यानं वडिलांनी दाखवलेली ती मेख उपटली. अर्जदारानं कारण सांगायचं नाही. 'तुझा काय संबंध' हा प्रश्नच बाद. माहिती नाकारली तर ती का नाकारली हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर. सव्वाशेहून जास्त वर्षं ओझं मागणाऱ्याच्या डोक्यावर होतं, ते देणाऱ्याच्या डोक्यावर गेलं. माझ्या मते या कायद्याचा जीव तेवढ्यात आहे. तीस दिवसांची मुदत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला दोन रुपये, उशीर झाल्यास माहिती फुकट, अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड, हे सगळं त्यामागून येतं. आणखी एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यात त्या अधिकाऱ्यानंच मदत करायची आहे. माझ्या पोटावर येणारी तरतूद आहे ही, पण मी ती प्रत्येकाला सांगतो.

पोलिसांकडं माहिती मागणं कसं असतं, याचं एक उदाहरण देतो. ठाणं आणि गाव सांगत नाही. पश्चिम पट्ट्यातली एक आजी आली. बांधावरून भावकीनं मारहाण केली होती. ठाण्यात तक्रार अर्ज दिला होता, पण पोहोच घेतलेली नव्हती. जाईल तेव्हा उत्तर एकच, "तपास चालूय, आज्जे, घरी जा." आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एका विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळं कहाणी लिहून चालत नाही. मारहाण कशी झाली यातलं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त विचारलं: अमुक तारखेच्या माझ्या तक्रार अर्जाचा आवक क्रमांक काय, तो कोणत्या अंमलदाराकडं कोणत्या तारखेला दिला, त्याबाबत ठाणे दैनंदिनीत केलेल्या नोंदीची प्रत, दखलपात्र वा अदखलपात्र अशी नोंद झाली असल्यास तिचा क्रमांक आणि प्रत. 'का कारवाई केली नाही' असं विचारलं नाही, कारण 'का' याचं उत्तर दप्तरात नसतं. दप्तरात असतं तेच मागायचं.

उत्तर आलं ते असं की तपास सुरू असल्यानं कलम ८(१)(ज) खाली माहिती देता येत नाही. पोलिसांकडून हे कलम सगळ्यात जास्त वापरलं जातं. पण त्यात तपासात अडथळा येईल अशीच माहिती रोखायची मुभा आहे, आणि नुसता तपास चालू आहे एवढं म्हणणं पुरेसं नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितलं आहे. आम्ही वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं आणि त्यात एकच मुद्दा मांडला: आवक क्रमांक सांगितल्यानं कोणता तपास अडतो? सुनावणीला आजी स्वतः गेली. कागदांचे तुकडे हातात आले तेव्हा दिसलं की तिच्या अर्जावर पहिली हालचाल झाली ती आमचा माहितीचा अर्ज पोहोचल्यानंतर. त्या आधीचं पान कोरं होतं. मग गावच्या पोलीस पाटलामार्फत निरोप आला, जबाब घेतला गेला, नोंद झाली. आजीला जमिनीच्या निकालाची अजून वाट बघायची आहे, तरी मारहाणीची नोंद तिच्या हातात आहे.

पोलिसांच्या बाबतीत कायदा हळूहळू मोकळा होत गेला आहे. पहिल्या खबरीची, म्हणजे एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतंच. संवेदनशील गुन्हे वगळून एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, दुर्गम भागात जास्तीत जास्त बहात्तर तासांत, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं बंधनकारक आहे. ही ओळ मी मोठ्या अक्षरात छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

पोलीस दप्तराचं मोल २०२३ मध्ये अगदी वेगळ्या कारणानं सगळ्यांना कळलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महसूल, शाळा, भूमी अभिलेख यांच्याबरोबर पोलिसांच्या जुन्या गुन्हे नोंदवह्या आणि अटक पंचनामेही उघडले गेले. जुन्या पंचनाम्यात नावाबरोबर जात लिहिण्याची पद्धत होती. ज्या नोंदीमुळं आजोबाची गावात मान खाली गेली असेल, ती नोंद आज नातवाचा पुरावा ठरते. मोडी वाचणाऱ्यांची तेव्हा शोधाशोध झाली. वडील गेल्याला बरीच वर्षं झाली. त्या महिन्यांत त्यांची फार आठवण आली.

गावाच्या आणि शहराच्या कारभाराचं थोडक्यात सांगतो. जुन्नरला नगरपरिषद आहे, मंचरला अलीकडं नगरपंचायत झाली, बाकी ग्रामपंचायती. इथं लोक मागतात ते कागद साधे असतात. घरपट्टीचा उतारा, बांधकाम परवानगी, रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. रस्ता किती जाडीचा लिहिला आहे ते एमबीत असतं आणि किती जाडीचा झाला ते पायाखाली असतं. पुणे महापालिकेत नागरिकांच्या आग्रहानं सोमवारी दुपारी फायली बघायला मिळू लागल्या, आणि त्याच धर्तीवर २६ नोव्हेंबर २०१८ ला राज्य शासनानं निर्णय काढला की जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. अर्ज नाही, मुदत नाही, जाऊन बसायचं आणि बघायचं. हा शासन निर्णय मला माहितीच्या कायद्याइतकाच मोलाचा वाटतो. तो किती कचेऱ्यांत पाळला जातो हे वाचकांनी एखाद्या सोमवारी स्वतः जाऊन पाहावं.

या हक्काची किंमत माणसांनी जिवानं मोजली आहे. तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टींनी याच कायद्यानं जमीन व्यवहारांचे कागद बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. मावळ आमच्यापासून लांब नाही. ती बातमी आली त्या आठवड्यात दोन माणसांनी माझ्याकडचे लिहून ठेवलेले अर्ज परत मागून नेले. मी त्यांना दोष दिला नाही.

कचेऱ्यांतली तक्रारही मला ऐकावी लागते: काही लोक धमकावून पैसे काढायला अर्ज करतात. खरं आहे, असे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळं आमच्या आजीसारख्यांकडं संशयानं पाहिलं जातं. पण जो कागद आधीच भिंतीवर किंवा संकेतस्थळावर लावलेला आहे, त्याच्या जोरावर कुणाला धमकावता येत नाही. कायद्याच्या चौथ्या कलमानं कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करायची आहे. ते काम पुरं झालं तर अशा लोकांचा धंदा बसेल आणि माझाही बराचसा बसेल. बसू दे.

मला खरी काळजी तिसऱ्याच गोष्टीची आहे. दुसरं अपील आयोगाकडं गेलं की वर्ष वर्ष तारीख लागत नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर मिळे. आता 'वैयक्तिक' म्हटलं की नाकारायला वाट मोकळी. व्यापक जनहिताचं दुसरं कलम शिल्लक आहे, पण ते पटवून देण्याचं ओझं पुन्हा मागणाऱ्याकडं सरकतं आहे. आमच्याकडचा जवळपास प्रत्येक कागद कुणाच्या तरी नावाचा असतो. लाभार्थ्यांची यादी, पुनर्वसनाचं वाटप, वनहक्काचा दावा, कोतवाल बुक, सगळ्यांवर नावंच आहेत. 'तुझा काय संबंध' हे वाक्य मागच्या दारानं परत आलं तर वडिलांच्या काळातच जाऊन पोहोचू.

आणि कागद स्वतःच संपत चालले आहेत. कचेरीत अ वर्गाचे अभिलेख कायम ठेवायचे, ब वर्गाचे तीस वर्षं, क वर्गाचे दहा, क-१ चे पाच, ड चे एक वर्ष, असं कोष्टक आहे. कायम ठेवायच्या कागदालासुद्धा वाळवी आणि गळकं छप्पर सोडत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पण पावसात भिजलेल्या वहीबद्दल कुणाला धरणार?

म्हणून पश्चिम पट्ट्यातल्या गावांना माझी विनंती आहे. कुणाच्या पोराची पडताळणी अडायची वाट पाहू नका. ग्रामसभेत ठराव करा आणि आपल्या गावाच्या कोतवाल बुकांची, जुन्या फेरफारांची, शाळेच्या जनरल रजिस्टरची पानन् पान प्रमाणित नक्कल मागा, आंबेगावच्या गावांनी घोडेगावबरोबर खेडलाही मागा. मोडीचं वाचन आत्ताच करून घ्या. एक संच ग्रामपंचायतीत ठेवा, एक शाळेत. अर्ज दोन प्रतींत करा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह तारखेची पोहोच घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडू नका. अर्ज लिहायला कुणी नसेल तर घोडेगावला या; ग्रामसभेचा ठराव असेल तर मी पैसे घेणार नाही.